किटलीबाईंचा गार चहा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं चहा करणाऱ्या बाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता तिथं कोणी उरलं नव्हतं. सकाळी सहाला, अकराला आणि दुपारी चारला त्या मोठी किटली घेऊन बत्तीस खोल्यांची फेरी करायच्या, म्हणून सगळ्यांच्या त्या किटलीबाई. कोणाला साखर बंद, कोणाला दूध जास्त, कोणाला कान तुटलेला कप दिसला तरी राग येतो, सगळं त्यांना तोंडपाठ. वय साठीला टेकलेलं, गुडघे कुरकुरणारे, पण जिभेला म्हणून विसावा नव्हता. शेगडी आणि बाईंचं तोंड एकदमच पेटतं, असं भाजी चिरणारी मदतनीस म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी वसंतातल्या मोठ्या सुट्टीला सगळ्यांच्या नातेवाइकांना बागेत बोलवायचं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी संचालिका मॅडम स्वयंपाकघरात आल्या.

"बाई, उद्या गार चहा करायचा. फळांचा. वर बर्फ."

"गार?" बाईंच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. "मॅडम, चहा गार झाला तर लोक परत पाठवतात. एकोणीस वर्षं मी तो गरम पोचवायला धावतेय."

"आणि दूध अजिबात नको. नातवंडांतली बरीच व्हीगन आहेत."

"म्हणजे पथ्यावर?"

"म्हणजे जनावरांपासून मिळणारं काहीच घेत नाहीत. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही."

"मग चहात राहिलं काय?"

"चहा," मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या.

खिडकीपाशी खुर्चीत स्टेनोकाका बसले होते. तीस वर्षं कोर्टात साक्षी-पुरावे उतरवून घेणारा हा माणूस, तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यावर पुतण्यानं इथं आणून सोडलेला. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. त्यांच्या फायलीत लिहिलं होतं, 'बोलत नाहीत. समज मर्यादित.' खोलीत एकटेच भिंतीकडे बघत बसतात म्हणून बाईंनी पहिल्याच महिन्यात त्यांना स्वयंपाकघरात आणून बसवलं होतं. डाव्या हातानं ते वाटाणे सोलायचे, लसणाच्या पाकळ्या सुट्या करायचे. आणि बाई बोलायच्या. ज्याला कळत नाही आणि जो कोणाला सांगत नाही, अशा माणसापुढे मन मोकळं करण्याचं सुख काय असतं, ते बाईंना तीन वर्षांत चांगलंच कळलं होतं.

"ऐकलंत का काका? बिनदुधाचा, बिनमधाचा, गार! उद्या म्हणतील बिनपाण्याचा करा." त्यांनी काकांपुढे स्ट्रॉबेरीची परात ठेवली. काका एकेक देठ खुडू लागले.

पहिला घाणा फसला. नेहमीसारखी पत्ती खळखळून उकळली आणि घाईघाईनं पातेलं गरमच फ्रिजमध्ये ठेवलं. तासाभरानं बघतात तर चहा गढूळ, नदीच्या पुराच्या पाण्यासारखा, आणि चव अशी की जीभ आखडावी. बाईंनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला त्यांनी डोकं चालवलं. पाण्याला उकळी आणली, गॅस बंद केला, बर्फ विरघळून चहा पातळ होणार म्हणून पत्ती दुप्पट टाकली, पण घड्याळ लावून पाचच मिनिटं. मग गाळून ओट्यावर आपोआप निवू दिला. दुसरीकडे स्ट्रॉबेरी आणि पीचच्या फोडी साखरेबरोबर मंद आचेवर ठेवल्या. रस सुटला, लालभडक रंग आला, घरभर वास दरवळला.

हात चालू होते तशी जीभही चालू होती. ढवळता ढवळता विषय नेहमीच्या जागी येऊन ठेपला, म्हणजे थोरल्या बहिणीपाशी.

"आईला पीच फार आवडायचं हो. शेवटी शेवटी तर गिळवत नव्हतं, तरी मी चमच्यानं रस घालायची. दोन वर्षं मी तिचं सगळं केलं काका, मी! आणि जायच्या दिवशी नाव कोणाचं? थोरली कुठं आहे, थोरली कुठं आहे. मी मेली समोर उभी, ती दिसतच नाही."

असं म्हणत त्यांनी रसाची चव घेतली. आंबटसर वाटला. त्यांच्या नकळत हात फळीवर गेला, बरणी खाली आली, झाकण उघडलं, चमचा बुडाला.

"मध नको."

बाईंनी मागं वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. मदतनीस बाजारात गेलेली. रेडिओ बंद.

"मॅडम सांगून गेल्यात," खिडकीकडून आवाज आला. घोगरा, गंजलेला, पण शब्द स्पष्ट. "मध चालणार नाही."

चमचा पडला. चमच्यापाठोपाठ बरणी. बाईंनी ओट्याची कड धरली नसती तर त्याही पडल्या असत्या. काका शांतपणे स्ट्रॉबेरीचा देठ खुडत होते.

"काका... तुम्ही बोललात?"

"हो."

"तुम्हाला बोलता येतं?"

"सुरुवातीला येत नव्हतं. आठ-नऊ महिन्यांनी येऊ लागलं. खोलीत एकटा असताना बोलून बघायचो."

 बाईंना आनंद व्हायला हवा होता, डॉक्टरांना हाक मारायला हवी होती. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. तीन वर्षं! त्यांनी या माणसापुढे काय काय ओकून टाकलं होतं! मॅडमच्या चालण्याची नक्कल. मेलेल्या नवऱ्याच्या नको त्या खोडी. जावई पहिल्या भेटीपासून आवडला नव्हता ते. आणि...

"आणि ऐकू? ऐकू कधीपासून येतं?"

"कान कधीच गेले नव्हते, बाई."

त्या स्टुलावर धपकन बसल्या. गॅसवर रस रटरटत होता, तो बंद करायचंही सुचलं नाही. काकाच म्हणाले, "गॅस." त्यांनी उठून बंद केला आणि मग संतापानं त्यांच्या अंगाची लाही झाली.

"लाज नाही वाटली? बाईमाणसाचं सगळं असं चोरून ऐकायला?"

"चोरून नाही. तुम्हीच खुर्ची इथं आणून ठेवलीत." काकांना दम लागला होता. थोडं थांबून म्हणाले, "तीस वर्षं दुसऱ्यांचं उतरवून घेतलं. मधे बोलायची सवय नाही. आणि इथं माझ्याशी बोलणारं दुसरं कोण होतं? मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही थांबला असतात."

 बाईंनी खाली बसून फुटक्या बरणीच्या काचा वेचायला घेतल्या. मध बोटांना चिकटत होता. तेवढ्यात काका म्हणाले, "एक विचारू? आई गेली त्या दिवसाचं तुम्ही तीन वर्षांत आज धरून चार वेळा सांगितलंत."

"मग?"

"पहिल्यांदा म्हणालात, आई जातेय म्हणून बहिणीला फोन केला, तिनं उचलला नाही. दुसऱ्यांदा, फोन लागलाच नाही. मागच्या थंडीत म्हणालात, आईनं तिची आठवणच काढली नाही, म्हणून केला नाही. आणि आज म्हणता, आई तिलाच विचारत होती."

काचेचा तुकडा बाईंच्या बोटात घुसला. रक्त आलं, पण त्या नुसत्या बघत राहिल्या. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तेवढ्यात हे कोणी त्यांना तोंडावर म्हटलं नव्हतं. त्यांनी स्वतःशीही नाही.

"तुम्ही कोर्टात आहात काय?" त्या ओरडल्या, पण आवाजात जोर नव्हता.

"नाही. म्हणूनच विचारतोय. इथं शिक्षा द्यायला कोणी बसलेलं नाही."

बाईंनी बोट नळाखाली धरलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "फोन हातात होता. नंबरही काढला होता. नाही लावला. मला राग आला होता, काका. दोन वर्षांत ती तीनदा आली, आणि तीनही वेळा आई अशी हसली, की मी कधी तिला तशी हसलेली पाहिली नाही."

काकांनी हातातली स्ट्रॉबेरी परातीत ठेवून दिली. 

दुपारी कोठीच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यावर बसून त्यांनी फोन लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"ताई, मी."

 बहीण घाबऱ्या आवाजात म्हणाली, "कोण गेलं?"

अकरा वर्षांनी धाकटीचा फोन म्हणजे कोणीतरी गेलंच असणार! 

"कोणी नाही गं. उद्या इथं बागेत सगळ्यांचे नातेवाईक येणार आहेत. माझं इथं दुसरं कोण आहे? ये."

दुसऱ्या दिवशी बागेत टेबलं मांडली, त्यावर काचेची मोठी भांडी. लालसर चहात संत्र्याच्या चकत्या, पुदिन्याची पानं, वर बर्फ. व्हीगन नातवंडांनी दोन-दोन ग्लास रिचवले. गरम चहाशिवाय दुसरं काही न घेणाऱ्या एक आजीबाई पहिल्या घोटालाच डोळे विस्फारून म्हणाल्या, "अगो, हा चहा आहे?" बाईंना एरवी हे ऐकून आभाळ ठेंगणं झालं असतं. पण त्यांचं लक्ष फाटकाकडे लागलेलं.

स्टेनोकाकांजवळ त्यांचा पुतण्या मॅडमशी बोलत उभा होता. "काकांना काय, इथं ठेवा नाहीतर दुसरीकडे. कळतंय कुठे त्यांना?"

"कळतंय," काका म्हणाले. "मला इथंच राहायचंय. आणि अजून अर्धा ग्लास हवाय."

पुतण्याचा ग्लास सरळ त्याच्या बुटांवर. मॅडम उघड्या तोंडानं एकदा काकांकडे, एकदा बाईंकडे बघत राहिल्या, जणू चहात काही घातलं होतं. बागेत गलका उडाला. कोणी डॉक्टरांना फोन लावला, कोणी खुर्च्या ढकलत धावलं. त्या गोंधळातच फाटकातून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आत आली आणि बाईंना वाटलं, आईच आली. बहीण इतकी आईसारखी दिसू लागली होती.

त्यांनी तिला कुंपणाजवळच्या बाकावर बसवलं, हातात ग्लास दिला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन हातात होता ते, लावला नाही ते, नंतर फोन केल्याचं खोटं सांगितलं ते.

 बहीण ग्लासातल्या बर्फाकडे बघत होती.

"तू फोन केला नव्हतास, ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, आईनंच नको म्हटलं असेल. अकरा वर्षं मी हेच धरून बसलेय. आई काय म्हणाली होती? शब्द न् शब्द सांग."

 हे त्यांनी काकांनाही सांगितलं नव्हतं. "तिला काळवेळ कळत नव्हती. म्हणाली, थोरलीला शाळेतून आणायला कोण गेलंय? मी म्हटलं, गेलेत, येतेच आहे. तर म्हणाली, तिला रस्ता ओलांडायची भीती वाटते."

बहिणीच्या तोंडून एक आवाज आला, रडण्याचाही नाही आणि हाक मारल्यासारखाही नाही. बाईंनी हात पुढे केला, तिनं झटकला. ती उठली, ग्लास बाकावर ठेवला आणि मागं न बघता फाटकातून निघून गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दिवशी किटलीबाई कोणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. 

आठवडा गेला. काकांना आता रोज एक बोलण्याचा व्यायाम शिकवणारी मुलगी यायला लागली होती, आणि ती त्यांना 'आ' म्हणायला लावते म्हणून ते स्वयंपाकघरात येऊन तक्रार करायचे. अकराच्या फेरीआधी किटली भरत असताना बाईंचा फोन वाजला. ताईचा होता.

बहीण जी सुरू झाली ती थांबेना. "निर्लज्ज! सटवी! माझ्या आईचा शेवट चोरलास तू! लहानपणापासून अशीच, माझी वेणी कात्रीनं कापलीस तेव्हाही तोंड वर करून 'मी नाही कापली' म्हणाली होतीस!" वीस मिनिटं ती बोलत होती, ओरडत होती, मधेच रडत होती. बाई ओट्याला टेकून उभ्याच्या उभ्या ऐकत राहिल्या. किटलीतला चहा गार झाला, वरून दोनदा घंटा वाजली, तरी त्यांनी मधे एक शब्द काढला नाही.

अखेर बहिणीला धाप लागली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, ताई."

"मग उद्या याच वेळेला फोन उचल. अजून माझं झालेलं नाही."