खुंटीवरचा बिल्ला

बायकोच्या तेरवीला मेहुणा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू. पण हे घरात तुमीच आणलं."

लोक जेवून गेले होते. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रेल्वेत आहे, दुर्गला क्वार्टरात राहतो. त्याच्या मोबाइलमध्ये एक माणूस ओरडून सांगत होता, की छत्तीसगडात अणुवीज कारखाना आणायचा विचार चालला आहे, त्याचा कचरा हजारो वर्षं मरत नाही, कपड्यांना चिकटून घरी येतो आणि बायका-पोरांना रक्ताचा कॅन्सर करतो. मेहुण्यानं ते मला दोनदा ऐकवलं. माझ्या बायकोला रक्ताचाच होता.

"तुमी जन्मभर किरणाच्या कामावर होते ना? अन् ते कपडे तिनंच धुतले ना?"

धुतले होते. मोरीत बसून, साबण घासून, हातानं. माझ्या तोंडात शिव्या आल्या, पण कोणाला द्यायच्या ते कळेना. गिळल्या.

आता ते काम काय होतं ते सांगतो, नाहीतर कोणाला काही समजणार नाही. मी पाचवी शिकलेला माणूस. वर्ध्याकडून भिलाईत आलो, रुआबांध्यात खोली घेतली आणि एका ठेकेदाराकडे लागलो. पाइपाला पाइप वेल्डिंगनं जोडतात. जोड आतून पोकळ राहिला तर बाहेरून दिसत नाही. म्हणून एका बाजूला फिल्म बांधायची आणि दुसऱ्या बाजूनं किरण सोडायचे, दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसे. किरण सोडणारी वस्तू नखाएवढीही नाही. तिला आम्ही सोर्स म्हणायचो. ती एका जड पेटीत कोंडलेली असायची, त्या पेटीला कॅमेरा म्हणायचो. दोरी बांधायची, लाल झेंडे लावायचे, शिट्टी मारून माणसं हाकलायची, मग लांब उभं राहून हँडल फिरवायचं. सोर्स नळीतून बाहेर जायचा, आम्ही घड्याळ पाहायचो, परत आत ओढायचो. सोर्स म्हातारा झाला की शिशाच्या डब्यात बसून जिथून आला तिथे परत जायचा. पुढे त्याचं काय करतात ते आम्ही कधी विचारलं नाही.

प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळायचा. अंगावर किती किरण पडले ते तो बिल्ला गुपचूप धरून ठेवतो. काही महिन्यांनी सगळे बिल्ले तपासायला बाहेरगावी जायचे आणि आकडे कागदावर लिहून यायचे. आकडा जास्त आला की माणूस कॅमेऱ्यावरून बंद. आमच्यातल्या एकाचा आला, तर त्याला कमी मजुरीवर स्टोअरात नट-बोल्ट निवडायला बसवलं. गडी रडकुंडीला आला.

मग आम्ही शहाणे झालो. गाढवच होतो, पण तेव्हा शहाणे वाटलो. साहेब साइटवर येणार त्या दिवशीच बिल्ला लावायचा. बाकीच्या दिवशी कोणी गेटबाहेर सायकलच्या पिशवीत ठेवायचा, कोणी चहाच्या टपरीवर. मी माझा घरीच ठेवायचो, स्वयंपाकाच्या जागी भिंतीला खुंटी होती तिच्यावर. संध्याकाळी आलो की कामाचा शर्टही त्याच खुंटीवर, बिल्ल्याच्या वर टांगायचो. दुसरी खुंटीच नव्हती.

बायको म्हणायची, "तुमचा सरकारी देव घरीच राहिला पाहा. त्याले अगरबत्ती लावू का?"

"लाव. नोकरी तोच देते."

माझा आकडा नेहमी नावापुरता यायचा. सेफ्टीच्या साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर मला उभं केलं. म्हणाले, याच्याकडून शिका, नियम पाळणारा माणूस आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांना सगळं माहीत होतं, म्हणून त्यांनी जरा जास्तच वाजवल्या. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिनं त्या दिवशी शिरा केला.

तेरवीनंतर मी घरात फिरत राहायचो. मोरीकडे पाहायचो. एकदा वाटे मेहुणा खरं बोलतो, एकदा वाटे त्याला काय कळतं, तो गाड्यांना झेंडी दाखवणारा. मुलगी रायपूरला असते, तिला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, नेटवर दोन्ही लिहिलंय, आप टेन्शन मत लो." दोन्ही लिहिलं असेल तर माणसानं काय करावं? शेवटी एक दिवस ऑटो करून पद्मनाभपुरला गेलो. सेफ्टीचे ते साहेब रिटायर होऊन तिथे राहतात. नागपूरचे आहेत.

त्यांनी मला लगेच ओळखलं. "अरे, ये, ये! माझा एक नंबर माणूस!"

मी खुर्चीवर टेकलो आणि चहा यायच्या आधीच विचारलं, "साहेब, बायको गेली. रक्ताच्या कॅन्सरनं. माझ्या कपड्याईतून ते तिच्यात गेलं का?"

"नाही."

"एवढ्या लवकर नाही म्हनू नका. इचार करून म्हना."

साहेबांनी डोळे पुसले, मग समजावून सांगू लागले. "सोर्स म्हणजे बॅटरी समज. बॅटरीचा उजेड तुझ्या शर्टावर पडला. बॅटरी विझवली. मग तो उजेड शर्टाला चिकटून घरी येतो का?"

"नाई येत."

"झालं तर."

माझं झालं नव्हतं. "मंग अणुभट्टीच्या कचऱ्याले लोक काहून भिऊन राहिले? तो तर चिकटते म्हन्तेत."

"तो वेगळा. भट्टीत जळून निघालेलं इंधन फार जहाल असतं. त्याची धूळ झाली, पाण्यात मिसळलं, तर चिकटेल, पोटात जाईल. म्हणून आधी वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवतात. पुढे जे उरतं ते वितळलेल्या काचेत मिसळून बंद करतात. आपला सोर्स धातूच्या डबीत बंद होता."

"अन् डबी फुटली असती तं?"

"तर चिकटलं असतं. पण फुटली नाही. मी ठराविक दिवसांनी कॅमेरा फडक्यानं पुसून ते फडकं तपासत होतो. सगळं लिहिलेलं आहे."

आता माझा स्वभाव. जे मनात येतं ते तोंडातून निघतं. मी म्हणालो, "फडक्यानं पुसत होते का कागदावरच पुसत होते?"

साहेब उठून उभे राहिले. "माझ्या हातानं पुसत होतो! तुझ्यासारख्या माणसानं हे विचारावं? नियम पाळणाऱ्या माणसानं?"

"मी नव्हतो पाळत, साहेब. म्हनूनच इचारून राहिलो. लिहिलेलं तं माझंही होतं."

मग सगळं सांगितलं. सायकली, टपरी, खुंटी. साहेब ऐकत होते. चहा आला, कोणी घेतला नाही.

"किती दिवस घरी ठेवत होतास?"

"दिवस नाई, साहेब. वर्षं."

ते आत गेले. मला वाटलं, आता बाहेर येऊन मला हाकलतील. ते एक जुनी फाइल घेऊन आले. तिच्यात आकड्यांचे कागद होते, झेरॉक्स. मला माझं नाव वाचता येतं. नावापुढे ओळीनं शून्यं, कुठे एखादा बारीकसा आकडा. मग साहेब पोलिसासारखे विचारू लागले. खुंटी चुलीपासून किती लांब? ती कुठे बसायची? शर्ट रोज त्याच खुंटीवर? धुवायच्या आधी की नंतर?

"धुवायच्या आधी. ती दिवसाआड धुवायची. आमी तिथंच जेवायचो, तिथंच ती झोपायची. एकच खोली."

साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "हे आकडे तुझे नाहीत. हे तुझ्या घराचे आहेत. तू कामावर होतास तेव्हा हा बिल्ला तिच्याजवळ होता, आणि संध्याकाळी तुझा शर्ट याच्या अंगावर होता. शर्टात काही असतं तर इथे दिसलं असतं. नाही दिसत. हे बारीक आकडे मी साइटवर यायचो त्या दिवसांचे."

"म्हंजे तिले माझ्यामुळं नाई झालं?"

"तुझ्या कपड्यांमुळे नाही. मी पुसत होतो की नव्हतो ते सोडून दे. हा कागद तरी मान."

"अन् माझ्यावर किती पडलं?"

"ते मला काय माहीत? तुझं कुठेच काही लिहिलेलं नाही." मग एकदम ओरडले, "मूर्खा, टाळ्या वाजवल्या मी तुझ्यासाठी!"

मी मान खाली घातली. मग त्यांनीच गार चहा माझ्याकडे सरकवला.

ऑटोत बसलो तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सोर्सपाशी उभा राहिलो मी, माझा गुडघा सोडला तर मला काही झालं नाही. चुलीपाशी बसली ती आणि रक्त तिचं नासलं. तिच्या घराचं मोजमाप वर्षानुवर्षं होत होतं आणि ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आणि मी बिल्ला नियमानं लावला असता तर आज मला हे कळलंच नसतं. म्हणजे मी चूक केली ती बरी केली की काय? हे साहेबांना विचारायची हिंमत झाली नाही. अजूनही मला याचं उत्तर माहीत नाही.

ड्रायव्हरला म्हटलं, घरी नको, रेल्वे क्वार्टराकडे घे.

मेहुणा ड्यूटीवरून येऊन बनियनवर बसला होता. मी दारातच सांगितलं. बिल्ला, खुंटी, कागद, सगळं. त्याला अर्धं समजलं. त्यानं परत विचारलं, मी परत सांगितलं.

"म्हंजे तुमी नाई आणलं?"

"नाई."

"मंग तिले झालं कशानं?"

"मले नाई मालूम. साहेबालेही नाई मालूम."

तो रडायला लागला. तेरवीलाही रडला नव्हता. मला राग आला, कारण दोन महिने मी एकटा खुनी होऊन बसलो होतो आणि हा आता रडत होता. पण काय बोलणार? मी त्याच्या बाजूला बसलो. बाहेर मालगाडी जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.