बाई डावीकडं सरकली

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, फौजेतून रिटायर होऊन साताऱ्यात राहिले होते. नव्वद सालानंतर तीन-चार वर्षं झाली असतील. एकदा त्यांनी मला हॉलमधल्या खुर्चीत बसवलं, कॅसेट लावली आणि म्हणाले, "डोळं मिट, गड्या. बाई कुठं बसलीया सांग."

समोर दोन स्पीकर, मध्ये नुसती भिंत. कॅसेटवर एक बाई अभंग म्हणत होती. तंबोरा डावीकडून, तबला उजवीकडून आणि बाई बरोब्बर मधोमध, जिथं काहीच नव्हतं तिथं! मी डोळे उघडून भिंतीकडं बघतच राहिलो. दाजी हसले. "दोनी कानांत सारखा आवाज गेला की बाई मधी येती. एका बाजूनं जास्त आला की तिकडं सरकती. जादूबिदू काय न्हाई."

मी सांगलीजवळ माधवनगरला यंत्रमागावर जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. तिथल्या खडखडाटात माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात. तसल्या आवाजात मी लांब पान्ह्याचं एक टोक चालू मागाला टेकवायचो, दुसरं उजव्या कानाच्या हाडाला, आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो. वीस वर्षं हेच केलं. शेठ पाहुण्यांना घेऊन यायचे माझा कान दाखवायला. कानात कापूस घालणाऱ्यांना मी हसायचो. म्हणायचो, "मग माग काय नाकानं ऐकू?" माज होता, दुसरं काय!

साताऱ्याहून आलो तो डोक्यात बाई घेऊनच. आमच्या घरी एक स्पीकर बाहेरच्या खोलीत आणि दुसरा स्वयंपाकघरात, फडताळावर. बायकोला भाकरी थापताना गाणी ऐकू यावीत म्हणून. सगळ्यांच्या घरी तसंच असायचं. मी तो काढून बाहेर आणला तशी ती म्हणाली, "म्हंजे आता मी काय ऐकायचं, स्टोव्ह?" तरी आणलाच. दोन्ही स्पीकर एका ओळीत, भिंतीपासून हातभर पुढं, तोंडं खुर्चीकडं. अगदी दाजींसारखं.

बाई मधी आली नाही. डावीकडं बसली आणि हलेना.

आधी वायरींवर संशय घेतला. एखादी उलटी जोडली की बाई मधी येत नाही, असं दाजी म्हणाले होते. त्या तपासल्या. मग उजवा स्पीकर बाद ठरवून विश्रामबागच्या दुकानातून नवा आणला. मग अ‍ॅम्प्लिफायर. डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. तबला डावीकडं गेला, तंबोरा उजवीकडं आला, पण बाई होती तिथंच. मग डावीकडचं लोखंडी कपाट आवाज परतवतंय म्हणून ते दोघांनी ओढत मागच्या दारी नेलं. बायको म्हणाली, "आवं, येड लागलंय का तुमाला?" लागलंच होतं. जेवणावर चित्त नाही, पोरांवर ओरडायचो. एवढा मोठा कानवाला आणि घरातला बिघाड सापडंना!

शेवटी बॅलन्सचं बटण उजवीकडं पिळत नेलं. पिळता पिळता बाई हळूहळू आली एकदाची मधी. जीव भांड्यात पडला. बायकोला हाताला धरून खुर्चीत बसवलं. "मीट डोळं. बाई कुठं हाय?"

तिनं डोळे मिटले. "त्या खिडकीत कशाला बसवलीया तिला?"

खिडकी पार उजवीकडं होती.

मी बटण सरळ केलं. "आता?"

"आता मधी हाय. गणपतीच्या फोटूखाली. छान गातीया की!"

ती खूश झाली होती. तिला उठवलं, खुर्ची फिरवली आणि स्पीकरकडं पाठ करून बसलो. आता डावा स्पीकर माझ्या उजव्या हाताला होता. खोलीत खोट असती तर बाई उजवीकडं यायला हवी होती. देवा, येऊ दे, म्हणालो मी. खरंच म्हणालो. गणपतीकडं पाठ करून गणपतीला हात जोडले.

बाई डावीकडंच गात होती.

सांगलीच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, उजव्या कानाची नस बरीच गेलीय, ती परत येत नाही. आवाजातलं काम सोडा, नाहीतर डावाही जाईल. सोडा म्हणे! मी करू काय? कान विकूनच घर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना बायकोनं स्वतःच्या हातानं माझ्या डाव्या कानात कापूस घातला. बोटानं दाबून बसवला.

मागांच्या खात्यात गेलो तर एक माग बिघडलेला. विणकर बाजूला उभे, शेठ मागं. मी पान्हा टेकवला आणि उजवा कान लावला. हाडाला नुसती थरथर आली, त्यातनं बेअरिंगचा आवाज वेगळा निघेना. परत लावला. तेच. शेठनी हातानं विचारलं, काय झालंय? माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी डाव्या कानातला कापूस काढला, खिशात ठेवला आणि पान्हा त्या कानाला लावला.