सातवं फडकं

"मोजलं का?"

गाडीचं काम उरकून गिऱ्हाईक चावी फिरवायला बसलं, की भाऊ बाकावरून हे विचारत. आवाज चढवत नसत, मानही वर करत नसत. चष्मा पुसत विचारत, आणि उत्तर मिळेपर्यंत चष्मा डोळ्यांवर जात नसे. गिऱ्हाईक खोळंबून असायचं. मी पाने, स्क्रू ड्रायव्हर, फडकी असं सगळं मोजून "पुरं आहे" म्हणायचो. मग चष्मा चढायचा आणि गाडी निघायची.

भाऊ मुंबईला विमानाच्या इंजिनांवर मेकॅनिक होते. प्रवासी विमानं, दोन इंजिनांची. नोकरी संपल्यावर चामोर्शीजवळच्या आपल्या गावी परत आले. घरी बसवेना म्हणून माझ्या गॅरेजात येऊ लागले. पगार घेत नसत, त्यामुळे त्यांना काढून टाकण्याचीही सोय नव्हती.

आल्या आल्या त्यांनी भिंतीला एक फळी ठोकली आणि प्रत्येक अवजाराची आकृती तिच्यावर रंगाने काढली. पाना जागेवर नसला की त्याची रिकामी आकृती दिसायची. मग फडक्यांना नंबर टाकले. एक ते सात. आमच्या शेजारी राइस मिल. तिचा कोंडा उडून उघड्या इंजिनात जातो, म्हणून एअर पाइपच्या तोंडात फडकं कोंबायची आमची रीत. भाऊंनी प्रत्येक फडक्याला हातभर लाल शेपूट शिवून दिलं. विमानाच्या इंजिनावर झाकण घालतात तेव्हाही अशीच लाल पट्टी लोंबत ठेवतात म्हणे, काढायचं राहू नये म्हणून.

मार्कंड्याच्या जत्रेच्या दिवसांत दारात एक ट्रॅक्टर तीन लाल शेपटं लोंबवत उभा होता. जाणाऱ्या एका म्हातारीने चप्पल काढून त्याला हात जोडले. मी सांगायला उठलो, तर भाऊंनी मला बसवलं.

"राहू दे. हात जोडल्यानं नट ढिला होत नाई."

टीव्हीवर विमान पडल्याची बातमी आली की चहाच्या टपरीवरची मंडळी भाऊंना गाठत. तुम्हीही असे प्रश्न कोणाला तरी विचारले असतील.

"भाऊ, हवेत एक इंजिन बंद पडलं तं?"

"दुसरं असते. एकावर उडते विमान, उतरतेबी."

"आन् दुसरंबी बंद पडलं तं?"

"मंग तरंगत खाली येते. लगेच नाई पडत."

"किती वेळ तरंगते?"

"जेवढी उंची असन तेवढा."

"आपल्या एसटीले तं एकच इंजिन हाये."

"एसटी बंद पडली तं आपन उतरून धक्का मारतो. वर ते सोय नाई, म्हून दोन देतात."

एवढं सांगून ते चहा संपवत. विमान फार सुरक्षित असतं, असं ते म्हणायचे. स्वतः मात्र मुंबईहून आले ते रेल्वेने. नोकरीतला मोफत पास होता, तरी एकदाही विमानात बसले नव्हते. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "कानात दडे बसतात." न बसताच दडे कसे बसले, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

तेव्हा सरकारी दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सचं काम माझ्याकडे असे. एकदा सकाळी ती आली, पाइप सैल झाला होता. ड्रायव्हर घाईत होता. मुलचेऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात बाईला कळा सुरू झाल्या होत्या, तिला आणायचं होतं. मी पटापट पाइप बसवला आणि गाडी सोडली. भाऊ त्या दिवशी उशिरा आले. आले, फळी पाहिली आणि फडकी मोजली.

"सातवं कुठी आहे?"

"असन इथंच."

"इथंच म्हंजे कुठी?"

मी कचऱ्याचा डबा दाखवला. भाऊंनी तो जमिनीवर पालथा केला आणि काडीने सगळं उकरलं. सातवं त्यात नव्हतं. राइस मिलचा मालक दारात उभा राहून मजा पाहत होता. त्याच्यासमोर मला बोलवेना. सातव्या फडक्याचं शेपूट मी दोन दिवसांपूर्वी फाडून डब्याचं झाकण बांधायला वापरलं होतं. म्हणजे ते पाइपात राहिलं असेल, तर बाहेर काही दिसणार नव्हतं. निघताना गाडीचा दम कमी वाटला होता, असं आता मला वाटू लागलं.

भाऊ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. मला आजही सांगता येत नाही कसे, पण त्या क्षणी माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले दिसले.

"भाऊ," मी म्हणालो, "बहुतेक इंजिनात गेलं."

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले आणि फोन मागितला.

चौथ्यांदा ड्रायव्हरला फोन लागला. बाई गाडीत होती, सोबत तिची आई होती, आणि परतीचा रस्ता सगळा जंगलाचा. भाऊ शांतपणे म्हणाले, "चालू हाये नं? मंग बंद नोको करू. हळू चालव. पह्यलं गाव लागलं का थांब. आमी दुसरी गाडी घेऊन येऊन राह्यलो." मग मालकाकडे वळले. "तुमची जीप द्या. त्या बाईजवळ एकच इंजिन हाये, दुसरं आपन नेऊ."

मालकाने चावी दिली. त्यालाही आता मजा येत नव्हती.

पुढचा पाऊण तास मी जीप चालवत होतो आणि मनात एकच होतं, की ती बाई माझ्या फडक्यापायी रस्त्यात जाईल. मी आयुष्यात एवढा कधी भ्यालो नाही. मुलचेऱ्याच्या अलीकडे एका बंगाली वस्तीच्या दुकानापाशी ॲम्ब्युलन्स उभी दिसली. भाऊंनी उतरल्या उतरल्या पाइप खोलला. आतून बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. तिच्या आईने खिडकीतून विचारलं, "झालं का, भाऊ?" भाऊंनी पाइपात बोटं घातली, टॉर्च मारली, पुन्हा बोटं घातली. पाइप स्वच्छ होता.

"जाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. तरी गडचिरोलीच्या दवाखान्यापर्यंत आमची जीप मागोमाग गेली.

बाईला मुलगी झाली. दोघी ठीक होत्या. ते कळल्यावर मी नळावर तोंड धुतलं, पँटच्या मागच्या खिशातून फडकं काढलं आणि तोंड पुसलं. पुसून झाल्यावर नंबर पाहिला. सात.

भाऊ समोरच उभे होते. मला वाटलं, आता काढतील सालटं. त्यांनी फडकं हातात घेतलं, घडी केली आणि माझ्या वरच्या खिशात ठेवलं.

"सापडलं. असं सापडत असन तं काय पायजे?"

गावाने मात्र मला सोडलं नाही. महिनाभर ज्याला भेटावं तो माझे खिसे चाचपायचा. ॲम्ब्युलन्सचं कामही दुसऱ्या गॅरेजात गेलं, कारण भरल्या गाडीला वाटेत थांबवणारा मेकॅनिक कोणाला हवा असतो?

पण मला सांगायचं आहे ते त्याच दिवशी परतताना घडलेलं. जीपमध्ये आम्ही दोघंच होतो. गडचिरोली मागे पडली आणि भाऊ समोर बघत बोलू लागले.

मुंबईत असताना एकदा ते इंजिनाच्या पोटात शिरून काम करत होते. फळीवरची अवजारं संध्याकाळी बरोबर भरली. पण त्यांच्याजवळ घरून आणलेली एक छोटी टॉर्च होती. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही, असा नियम. विमान सुटल्यावर लक्षात आलं की खिशात टॉर्च नाही.

"मंग?"

"मंग काही नाई. आठ दिवसांनी माही परीक्षा होती, विमान ठीक हाये अशी सही करायच्या परवान्याची. बापानं इथी गावभर सांगून ठेवलं होतं. मी बोललो नाई."

"पन नंतर सांगता आलं असतं."

"पह्यला अर्धा घंटा बोललो नाई. दुसऱ्या अर्ध्या घंट्यात बोलाचं तं पह्यल्या अर्ध्या घंट्याचंबी सांगा लागते. असं वाढत जाते. विमान दिल्लीले उतरलं, वापस आलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलं. टॉर्च काही सापडली नाई. घरी नाई, कामावर नाई, कुठीच नाई. अन् मले परवाना भेटला."

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग म्हणाले, "आज तू बोलला. मले नाई जमलं."

त्यानंतर चार दिवसांनी भाऊंनी मला एक पत्र वाचायला दिलं. त्यांच्या जुन्या कंपनीला लिहिलेलं, सुंदर अक्षरात. तारीख, विमानाचा नंबर, कोणतं इंजिन, टॉर्चचा रंग. खाली सही. मी म्हटलं, भाऊ, आता कोण विचारतं, पेन्शन अडकवतील उगाच. त्यांनी पाकीट चिकटवलं. रोज पोस्टमन यायच्या वेळी ते बाकाचं दाराकडचं टोक धरून बसू लागले.

उत्तर आलं नाही. थंडी सरता सरता भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. बुद्धविहारातली सगळी माणसं आली होती, राइस मिल दिवसभर बंद होती, आणि टपरीवाल्यानेही चूल पेटवली नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी होऊन महिना झाला आणि पत्र आलं. भाऊंच्या पत्नीने, वहिनींनी, ते न फोडता माझ्याकडे पाठवलं. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि ओट्यावर बसून वाचून दाखवलं. चार ओळी होत्या. सदर विमान सेवेतून काढून त्याचे सुटे भाग करण्यात आले आहेत. दोन्ही इंजिने पूर्ण उघडण्यात आली होती. आपण कळविलेली वस्तू आढळल्याची नोंद नाही. कळविल्याबद्दल आभार.

वहिनींना टॉर्चचं काहीच ठाऊक नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे त्याइच्या हातून काही झालंच नव्हतं?"

"नव्हतं, वहिनी."

"अन् हे त्याइले मालूम नाई पडलं."

"नाही."

त्या पदराशी चाळा करत बसल्या. "विमान वाजलं का ते ताट सोडून आंगनात जात. आवाज पार मिटला का मंगच आत येत. मी म्हनो, जुनी नोकरी हाये, आवड असन. मी हासो त्याइले."

चहा ठेवायला म्हणून त्या उठल्या आणि दारातच थांबल्या. रोजचं दुपारचं विमान डोक्यावरून चाललं होतं. मीही उठून त्यांच्याजवळ उभा राहिलो. आवाज पार मिटेपर्यंत आम्ही दोघं आत गेलो नाही.