कोंढ्याच्या तलावातला टाक

सापडलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन द्यायचा मला नादच होता. एसटीत कोणी विसरलेला लग्नाचा फोटो मी चार गावं विचारत पोचवला होता, आणि त्या घरच्या पाहुणचाराची गोष्ट पुढे वर्षभर सांगत होतो. मी कोंढ्याच्या शाळेत मास्तर. पोरांना शाबासकी देता देता ती आपल्यालाही हवीशी वाटायला लागते.

पंच्याहत्तर-शहात्तरचा उन्हाळा असेल. तलाव आटला आणि गाळ काढायचं काम निघालं. एका बाईच्या टोपलीत चांदीचा टाक आला. बोटभर पत्रा, त्यावर ठोकलेली उभ्या बाईची आकृती, वर कडी. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात असा टाक बांधतात. हळदकुंकू आधी त्या मेलेलीला, नवं लुगडंही आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. गाळ काढणाऱ्या बाया त्याला हात लावायला तयार होईनात.

"राहू द्या गुरुजी, होता तिथंच टाकून द्या," एक म्हणाली.

मला रागच आला. कोणाच्या तरी घरचा देव, आणि टाकून द्या म्हणे!

अड्याळच्या बाजाराच्या दिवशी सायकल काढली आणि टाक तिथल्या म्हाताऱ्या सोनाराला दाखवला. त्याने तो चिंचेने घासला, उलटसुलट केला.

"हा तं माह्याच हातचा हाये," म्हणाला आणि घरही सांगितलं.

घर धानाच्या शेतकऱ्याचं. ओट्यावर म्हातारी सासू बसली होती. टाक पाहताच तिने तो कपाळाला लावला आणि मोठ्याने रडायला लागली.

"माही थोरली सून आली वं घरी! सात वर्सं झाली. दोरा तुटला, कुठं पडला मालूम नाही म्हणे. मी नवा करू देल्ला नाही. रुसून गेली, ते आपल्या मनानंच परत येईन म्हणलं. पाय, आली का नाही?"

हे ती दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला, म्हणजे मुलाच्या दुसऱ्या बायकोला, ऐकवत होती. चाळिशीची बाई, हातात पाण्याचा गडू तसाच धरलेला. म्हातारीने नवा काळा दोरा आणवला, सुनेला समोर बसवलं आणि टाक तिच्या गळ्यात बांधला. शेजारपाजारचे जमले. सगळे माझं नाव घेत होते. मी दोन कप चहा प्यायलो.

गल्लीच्या टोकाशी मागून हाक आली. माझी विसरलेली पिशवी घेऊन ती सून आली होती.

"गुरुजी, तुमी कोंढ्याचे ना? माहं बी माहेर कोंढाच हाये."

"अरे वा!" मी म्हणालो.

"अड्याळचा टाक कोंढ्याच्या तलावात कसा गेला, हे नाही इचारलं तुमी कोणाले?"

मी सायकल भिंतीला टेकवली.

"माहेरी आली होती तवा माह्या हातानं सोडला. घरात कोणी आजारी पडलं का माह्याच नावानं बोटं मोडत होते. मोडू दे म्हणलं. सात वर्सं नवं लुगडं पयले मी नेसली, गुरुजी. तुमी काहून आणलं?"

पिशवी माझ्या हातात देऊन ती निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाळ काढणारी बाई शाळा न शिकलेली, पण तिला जे समजलं ते मला समजलं नव्हतं.

त्यानंतर सापडलेली वस्तू पोचवायला मी कधी गेलो नाही. ती दर दिवाळीला माहेरी यायची. तलावाच्या पाळीवर समोरासमोर आलो की पदर सारखा करून पुढे जायची. एका वर्षी तलाव काठोकाठ भरला होता, आणि पाळीवर आम्ही दोघंच होतो. तिच्या गळ्यात तो काळा दोरा होता. मला सांगायचं होतं, बाई, आता सोड, पुन्हा निघाला तरी मी हात लावणार नाही. ती थोडा वेळ पाण्याकडे पाहत उभी राहिली, मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोरा पदराखाली झाकून घराकडे वळली.