सावनीबाईंचा सहा पायांचा नाकतोडा

थायलंडातल्या खोन केनजवळच्या बालवाडीत सावनीबाईंना बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत एकाही पोराने स्वतःच्या हाताने काही बिघडवल्याचं कुणी पाहिलं नाही. अंड्यांच्या ट्रेचे सुरवंट, बाटलीच्या झाकणांचे भुंगे, सगळं बाईच करायच्या. पोरांनी फक्त डोळे चिकटवायचे, तेही बाई बोट ठेवतील तिथेच. भिंतीवर तीस सुरवंट, तिसांचंही थोबाड एकच. साहेब तपासणीला आले की बाई गहिवरून म्हणायच्या, "काय कल्पना असतात हो या लेकरांच्या!"

यंदा नाकतोडा करायचा होता आणि नेमका बाईंचा हात मुरगळला. नाइलाजाने काम पोरांवर आलं. पाच वर्षांच्या पुयफायने कपड्यांचा चिमटा हिरवा रंगवला, दोन डोळे काढले आणि ऐटीत पुढे केला.

"अगं, पाय कुठेत याचे? पंख कुठेत?"

"आजी तोडून टाकते, बाई. तळायच्या आधी."

"खरा नाकतोडा कधी डोळे उघडून बघितलायस का? सहा पाय असतात त्याला, सहा!"

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला. चिकट भाताशेजारी तळलेले नाकतोडे होते. पुयफाय चिमटा घेऊन समोर उभी राहिली. तिने डब्यात वाकून नीट पाहिलं.

"बाई, यांचे पाय कुठेत?"

तोंडातला नाकतोडा कुरुमकुरुम चावत बाईंनी चिमटा हिसकावला. दुखऱ्या हाताने त्याला सहा पाय चिकटवले आणि खाली चिठ्ठी लावली: 'पुयफायची स्वतःची कल्पना'.