अभिमनची चार दिवसांची मोजणी

अभिमन ड्राफ्ट्समनचं डोकं तापट आहे, हे जळगावच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते का तापतं, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेतली नाही.

माणूस सोनगीरचा. झुलालनानांच्या ठिबकच्या कारखान्यात त्यानं बारा वर्षं कागदावर साचे काढले. १९९३ साली नानांनी स्पार्क प्रोसेसरचा कॉम्प्युटर आणला आणि अभिमन त्याच्यावर जीव टाकू लागला. प्रोसेसरला शिकवलेल्या भाराभर आज्ञांपैकी बऱ्याचशा क्वचितच लागतात, हे अमेरिकेतल्या काही प्राध्यापकांनी त्याआधी दहा-बारा वर्षं ताडलं होतं. मग त्यांनी मोजक्या, सोप्या आज्ञा झपाट्यानं पार पाडणारे प्रोसेसर रचले. स्पार्क त्याच घराण्यातला. "आपल्याकडे उलटं," अभिमन फणकारायचा, "हुकूम ढीगभर, अन् पार पडत नाही एक!"

त्या वर्षी नळीतून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या नव्या ड्रिपरचा साचा त्यानं एकट्यानं काढला. एका दाबात आठ ड्रिपर. वितळलेलं प्लास्टिक कोपऱ्यातल्या खणापर्यंत पोचेल की नाही, याबद्दल त्याचं मन खात होतं. म्हणून त्यानं कॉम्प्युटरला त्याची मोजणी लावली. ती चार दिवस अखंड चालून दसऱ्याच्या सकाळी संपणार होती, आणि त्याच दिवशी नानांना मुहूर्तावर साच्याचं पोलाद कापायचं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात एकही यंत्र चालत नाही. सगळ्यांना कुंकू, झेंडू आणि विश्रांती. नाना आरतीचं ताट घेऊन आले आणि त्यांनी भक्तिभावानं कॉम्प्युटरचं मेन बटण बंद केलं.

"नाना, तीन दिवसनी मोजनी गयी!" अभिमनच्या अंगाची लाही लाही झाली.

"पडदा ते काळाच व्हता," नाना म्हणाले. "अन् आज बठ्ठा मशीनले आराम शे."

"मंग चार दिन थांबा."

"मुहूर्त चुकाडू का तुन्हासाठे?"

पोलाद दसऱ्यालाच कापलं. अभिमननं तीच मोजणी पुन्हा लावली आणि चार दिवस दाराला खुर्ची टेकवून बसला. मशीननं सांगितलं, कोपऱ्यातला खण भरणार नाही. तोवर आठही खण पोलादात उतरले होते.

पहिल्याच दाबात सात ड्रिपर अख्खे निघाले, आठवा अर्धा. नानांनी सगळ्या कामगारांसमोर तो अभिमनच्या टेबलावर आपटला. "चूक तुन्ही शे!"

"मन्हीच शे." अभिमननं तो अर्धा ड्रिपर उचलून खिशात टाकला. "ती शोधालेच मशीन लायेल व्हतं, नाना."

पुढं दर खंडेनवमीला नानांच्या आरतीच्या ताटात तो अर्धा ड्रिपर असायचा. कुणी ठेवला, हे नानांनी कधी विचारलं नाही.