तेल लावलेलं डोकं

मुर्री गावच्या शामकलानं त्या दिवशी नवऱ्याच्या डोक्याला वाटीभर तेल चोपडलं. लकव्यानं चार वर्षं खाटेला खिळलेल्या, वाचा गेलेल्या लीलाधरला गोंदियाच्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं होतं. बायको लक्ष देत नाही, असं कोणी म्हणायला नको!

नेमकं तिथंच घोडं अडलं. मेंदूवर संशोधन करणाऱ्या, नागपूरहून आलेल्या प्रेरणा मॅडमनी त्याला धातूच्या चकत्या लावलेली टोपी घातली, पण कॉम्प्युटरवर नुसता गोंधळ उमटला.

"तेलामुळे चकत्या कातडीला नीट टेकत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

शामकलानं सगळ्यांदेखत ते डोकं शिकेकाईनं धुतलं. तिची मान वर होईना.

मॅडमनी समजावलं, "हात हलवायचं नुसतं मनात आणलं, तरी मेंदूतली बारीकशी वीज बदलते. चकत्या तो बदल टिपतात आणि कॉम्प्युटर तो ओळखायला शिकतो. उजवा हात मनात आणला की पडद्यावरचा ठिपका उजवीकडे जाईल, म्हणजे हो; डावा आणला की डावीकडे, म्हणजे नाही."

"कायले तरास घेता जी? यायले काई समजत नाई," शामकला म्हणाली.

दुपारभर सराव झाला. मग मॅडमनी लीलाधरला विचारलं, "लोक बोलतात ते तुम्हाला समजतं?"

पडद्यावरचा ठिपका थरथरत उजवीकडे गेला. तीनदा विचारलं, तीनदा उजवीकडेच.

चार वर्षं त्याच्याच खाटेवर बसून शामकला बहिणीला फोनवर सांगायची, "हा एकदाचा मेला तं मी सुटीन."

"आता तुम्ही विचारा ना काहीतरी," मॅडम हसून म्हणाल्या.

"नाई जी," म्हणत शामकलानं टोपीच्या पट्ट्याला हात घातला. "काढा हे. घरी जाऊ द्या आमाले."